एका जागेवरच्या चार कोनशिला

गुरुवार, १५ जानेवारी
कासू, ता. पेण

ती. स्व. शकूआत्यास,

मृणालीचा नमस्कार. पुढे पत्र लांबणार आहे, म्हणून जे घडलं ते आधी क्रमाने आणि विशेषणं वगळून लिहिते.

१. चार वर्षांपूर्वी गावातली अंगणवाडीची इमारत धोकादायक ठरली. ठरवणारी मी.
२. तेव्हापासून अंगणवाडी आपल्या घराच्या पडवीत भरते. पटावर तेवीस मुलं आहेत.
३. नवी इमारत बांधायची आहे. पैसे मिळवायचे सहा मार्ग पाहून झाले.
४. सहाही मार्गांनी शेवटी एकच मागितलं : जागा ग्रामपंचायतीच्या नावावर असल्याचा सातबारा.
५. ठरलेली जागा म्हणजे वरच्या आळीतले दोन गुंठे. त्याच्या सातबाऱ्यावर दोन नावं आहेत. एक बाबांचं, एक तुझं.
६. तुला न विचारता त्या जागेवर आतापर्यंत चार भूमिपूजनं झाली आणि चार कोनशिला बसल्या.
७. त्यातली एक विरघळली.

आता क्षेमकुशल. तुझी तब्येत बरी असेल, काकांचा उजवा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि रोह्याला तुमच्या गल्लीत पाणी वेळेवर येत असेल, असं धरून चालते. (धरून चालणं मला आवडत नाही, पण अकरा वर्षांत तुमच्याकडून काही माहिती आलेली नाही.) इथे आई बरी आहे, बाबा बरे आहेत, मी पेणच्या त्याच ऑफिसात आहे, दिवसा लोकांच्या इमारतींचे खांब मोजते आणि संध्याकाळी गावच्या नसलेल्या इमारतीचे. काल संक्रांत झाली. सोबत तिळगूळ पाठवत नाही, कारण पाकीट फुगतं. आणि तिळगूळ देताना जे वाक्य म्हणायचं असतं, ते आपल्या घरातून रोह्याकडे म्हणायला अजून कोणाचं तोंड उघडलेलं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आमच्या घरचे तिन्ही नंबर तू उचलत नाहीस. (एकदा ऑफिसच्या नंबरवरून केला होता. तू ‘हॅलो’ म्हणालीस, मी ‘आत्या’ म्हणाले आणि रेंज गेली. तुमच्या गल्लीत रेंज जात नाही, हे मी नंतर तपासलं.) एकतीस वर्षं टपाल खात्यात काढलेली बाई स्वतःच्या नावाचं टपाल न उघडता ठेवू शकणार नाही, या अंदाजावर हे पत्र लिहिते आहे. शिवाय दर वर्षी माझ्या वाढदिवसाला तुझं पोस्टकार्ड येतं. पत्ता पूर्ण, पिनकोड बरोबर, मजकुराची जागा कोरी. अशी अकरा कार्डं माझ्याकडे वर्षवार लावलेली आहेत. कोऱ्या कार्डाचा अर्थ मला कळतो, पण तो ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येत नाही. या वेळी मजकूर लागेल.

इमारत पडली कशी, तिथून सुरू करते, कारण गावात त्याची दुसरी हकिकत चालू आहे. मी नुकती इंजिनीअर म्हणून पास झाले होते. अंगणवाडीच्या वैशालीबाईंनी (तू सासरी गेल्यावर गावात आलेल्या, सानेवाडीच्या सूनबाई म्हणून ओळखतात, गेली बारा वर्षं त्याच सेविका आहेत) सहज म्हणून छत बघायला बोलावलं. मी हातोडीने खालून हलकं ठोकून पाहिलं, तर दोन वीत लांबीचा पापुद्रा खाली आला आणि खिचडीच्या पातेल्यात पडला. पातेलं रिकामं होतं. आतल्या सळया इतक्या गंजल्या होत्या की बोटाने भुगा होत होता. खाडीकडची वाळू न धुता वापरल्याचा तो परिणाम. मी दोन पानी अहवाल लिहिला, मुलं त्याच दिवशी बाहेर काढली आणि पुढच्या महिन्यात इमारत पाडली गेली. त्यावर आपले जनूकाका (मिठागरात जन्म गेलेले, आता गावच्या प्रत्येक समितीत बसणारे जनूकाका, तुला आठवत असतील) मला रस्त्यात अडवून म्हणाले, ‘तीस वर्सं उभी व्हती गो ती. तू हातोडी मारलीस नि पडली.’ मी त्यांना गंज म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘व्हय. पन मारलीस तूच ना?’

म्हणून मुलांची तात्पुरती सोय आपल्या पडवीत झाली. तात्पुरती म्हणजे तीन महिने, असं मी लिहून दिलं होतं. तो कागद वैशालीबाईंनी फळ्याशेजारी चिकटवून ठेवला आहे, वर तारीख दिसेल असा. बाबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं की त्यांना गोंगाट चालणार नाही, दुपारी एक ते दोन ते पडवीतच झोपतात आणि जागा बदलणार नाहीत. त्यांनी जागा बदलली नाही. मुलांना झोपवायची वेळही एक ते दोनच आहे, तेव्हा आता चोवीस जण ओळीत झोपतात. वैशालीबाई त्यांना पटावर घेत नाहीत, पण खिचडी वाढतात. दिवाळीच्या सुट्टीत पडवी रिकामी होती, तर एक वाजता बाबा चटई टाकून आडवे झाले, सव्वाला उठून बसले आणि आईला म्हणाले, ‘आज कसली सुट्टी हाय?’ हे तुला लिहिण्याचं तसं कारण नाही. पडवीचा वापर कसा होतो ते कळावं म्हणून लिहिलं.

आता पैशांचे मार्ग. अंदाजपत्रक मी केलं आहे : एक मोठी खोली, स्वयंपाकघर, कोठी, दोन लहान शौचालयं, पाण्याची टाकी आणि पुढे ओटी, मिळून चौदा लाख वीस हजार. पहिला मार्ग ग्रामपंचायतीचा स्वतःचा निधी, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीतून उरतं ते. त्यात दोन दरवाजे आणि एक खिडकी बसते, भिंती बसत नाहीत. दुसरा मार्ग वित्त आयोगाचा निधी. तो येतो, पण त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करता येतो. म्हणजे अंगणवाडीचं शौचालय बांधता येईल, टाकी बांधता येईल, पण ज्यांनी ती वापरायची त्यांना बसायला खोली बांधता येणार नाही. (शौचालयच जरा ऐसपैस काढावं आणि त्यात फळा लावावा, ही सूचना सभेत गांभीर्याने आली होती. मी नकाशावर खूण करून नाही म्हटलं.) तिसरा मार्ग बँक. तिथे मी आणि वैशालीबाई गेलो, तर मॅनेजरसाहेबांनी चांगल्या मनाने विचारलं, ‘या इमारतीपासून उत्पन्न काय?’ वैशालीबाई म्हणाल्या, ‘तेवीस पोरं.’ चहा घेऊन परत आलो.

चौथा मार्ग एका पुढाऱ्यांचा निधी, पाचवा आपलं मुंबईकर मंडळ आणि सहावा एका कंपनीचा समाजकार्याचा निधी. यांच्याकडे वळण्याआधी जनूकाकांचा सिद्धांत सांगायला हवा, कारण त्याखेरीज पुढचं काही समजणार नाही. मी शिकले त्याप्रमाणे आधी पैसे मंजूर होतात, मग जागेची आखणी होते, मग भूमिपूजन आणि मग पायाचं खोदकाम. जनूकाकांच्या मते हा क्रम उलटा आहे. आधी ज्याच्याकडून पैसे हवेत त्याला बोलवायचं, नारळ फोडायला लावायचं, त्याच्या नावाचा दगड बसवायचा. नाव दगडावर आलं की माणूस बांधला जातो, मग तो कुठे जातोय. म्हणजे आपल्या गावात कोनशिला हा बांधकामाचा भाग नाही, निधी गोळा करायचं साधन आहे. मी सभेत याला विरोध नोंदवला. माझा विरोध नोंदवहीत नीट लिहून घेतला गेला आणि त्याखाली दगडाची ऑर्डर मंजूर झाली.

पहिला दगड वित्त आयोगाच्या वेळचा. तो निधी पाण्याचा आहे हे कळायच्या आत बसला. दुसरा पुढाऱ्यांचा. ते आले, सोबत तीन गाड्या आल्या, त्यांनी कुदळ मारली ती माझ्या आखणीच्या बाहेर सव्वा मीटरवर, आणि मंजुरीचं पत्र आठ दिवसांत येईल म्हणून सांगून गेले. (त्यांचा खड्डा बुजवू द्यायला जनूकाका तयार नव्हते. तिथे एक मूल पडलं होतं, म्हणून मी रात्रीत बुजवला. कोणी बुजवला हे गावात कोणाला माहीत नाही, तू सांगू नकोस.) तिसरा दगड मुंबईकर मंडळाचा, आणि तो जरा सविस्तर लिहायला हवा, कारण विरघळला तो हाच.

मंडळाची अट साधी होती : देणगीदारांची नावं भिंतीवर लागली पाहिजेत. यात चूक काही नाही, आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत कोणाच्या तरी स्मरणार्थ असतंच. मी नावांसाठी वेगळा नकाशा काढला. एकूण एकेचाळीस फलक मागितले गेले, आणि बेरीज केली तेव्हा फलकांचं क्षेत्रफळ दर्शनी भिंतीपेक्षा जवळजवळ दोन चौरस मीटर जास्त भरलं. म्हणजे खिडक्या बुजवूनसुद्धा नावं मावत नव्हती. मंडळाने भिंत वाढवायची सूचना केली. मी विचारलं, वाढीव भिंतीचे पैसे कोण देणार? तर त्यासाठी नवे देणगीदार पाहू, असं ठरलं, आणि त्यांचेही फलक आले. हे गणित पुढे कुठे जातं ते मी कागदावर दाखवलं, तेव्हा कुठे सगळे एका मोठ्या फलकावर आले. आता कोनशिला. पेणच्या संगमरवरवाल्याने दर सांगितला तो मंडळाला झेपेना. तर जनूकाकांचा भाचा ऋत्विक, जो पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, म्हणाला, मी करून देतो, कारखान्यात साचे आहेत. त्याने केली. आत्या, इतकी सुंदर कोनशिला मी कुठल्याही सरकारी इमारतीवर पाहिलेली नाही. कडेने मोत्यांची माळ, कोपऱ्यात कमळं, मध्ये सोनेरी अक्षरं. डोळ्यांची आखणी करणारा हात, तेव्हा एक वेलांटी हललेली नाही. फक्त ती शाडूची होती. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण त्याच्या मते शाडू हेच उत्तम, हल्ली सगळे तेच मागतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दोन दिवस पडला. मंडळाच्या अध्यक्षांचं नाव आधी गेलं, मग सचिवांचं, मग अंगणवाडीचं. मी ऋत्विकला विचारलं, पावसाचा विचार केला नाहीस? तो म्हणाला, ‘ताई, आमचा माल पाण्यातच जायला बनवतात. टिकला तर तक्रार येते.’

चौथा दगड गावाचा स्वतःचा. घरोघर वर्गणी झाली, आणि ती बऱ्यापैकी झाली. विटांपुरती झाली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. तो सरपंच बायजाबाईंच्या हातून बसला. बायजाबाई कमी बोलतात आणि सही सावकाश करतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे.

मग कंपनीचे साहेब आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अजून काही पक्कं नाही. साहेबांचं नाव सुशील, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील, नोंदी नीट ठेवतात. (विवाहित आहेत. ही माहिती मी मागितली नव्हती. जनूकाकांनी जागेच्या मोजमापाच्या आधी ती मिळवली आणि सर्वांदेखत मला कळवली.) कंपनीची पहिली अट अशी की ज्या कामाला दुसऱ्या कोणी पैसे दिले आहेत किंवा द्यायचं कबूल केलं आहे, त्याला ती देत नाही. मी ही अट आदल्या दिवशी गावात वाचून दाखवली होती. दगड झाकून ठेवा, एवढंच सांगितलं होतं, आणि त्यासाठी ताडपत्रीही आणून दिली होती. सकाळी साहेबांना घेऊन मी कासू स्टेशनवरून जागेवर पोचले, तर पाहुणे येणार म्हणून चारही दगड चिंचेने घासून लखलखीत केलेले, प्रत्येकाला झेंडूचा हार, आणि ताडपत्री खाली अंथरलेली, साहेबांना उभं राहायला. तिसऱ्या दगडाचं उरलं होतं तेवढंच, म्हणजे खालची एक ओळ. त्यालाही हार होता, आणि हार दगडापेक्षा मोठा होता.

साहेबांनी चारही दगड वाचले. ते वाचणारे आहेत. तिसऱ्यापाशी थांबले आणि मोठ्याने वाचलं, ‘यांच्या शुभहस्ते संपन्न झाला.’ मग विचारलं, कोणाच्या? जनूकाका म्हणाले, ‘ते वाहून गेले, सायेब.’ साहेबांनी क्षणभर टोपी काढली. मग त्यांनी बायजाबाईंना विचारलं की इथे एकूण किती इमारती होणार आहेत. बायजाबाई म्हणाल्या, ‘एकच. पन चार येळा.’

मी हातातल्या मोजणीच्या टेपकडे पाहत उभी होते. चार वर्षांचं काम तिथे संपलं, असा माझा हिशेब होता, आणि तेवीस मुलांना तात्पुरतं म्हणजे किती काळ, याचा नवा कागद लिहावा लागणार होता. पण साहेबांनी साधा प्रश्न विचारला, की यातल्या कोणी प्रत्यक्ष पैसे किंवा लेखी पत्र दिलं आहे का. वर्गणी सोडून कोणीच नाही, असं बायजाबाईंनी वही उघडून दाखवलं. तेव्हा ते म्हणाले, गावाचा स्वतःचा वाटा चालतो, मग मला इथे चार दगड दिसतात, चार देणगीदार दिसत नाहीत. आणि त्यांनी पुढचं पान उलटून विचारलं, ‘जागा कोणाची?’

या प्रश्नावर बायजाबाईंनी वहीत पाहिलं, जनूकाकांनी हार सरळ केला आणि मी पुन्हा टेपकडे पाहिलं. इथे एक गोष्ट सांगायची राहिली. चारही भूमिपूजनांना बाबा आले होते, पण एकदाही जागेत आले नव्हते. बांधाबाहेर रस्त्यावर उन्हात उभे राहायचे. मला वाटायचं, त्यांना गर्दी नको असते. त्या दिवशीही ते तिथेच होते. तर रस्त्यावरून त्यांचा आवाज आला, ‘माझ्या भैनीची.’ साहेब म्हणाले, सातबाऱ्यावर तुमचंही नाव दिसतंय. बाबा म्हणाले, ‘नाव हाय. जागा तिची. आयेनं तिला दिलेली, पोस्टात लागली तवा, तोंडी. कागुद नाय केला. म्या होतो तिथं.’

तुला हे माहीत होतं. मला नव्हतं. मी साहेबांना स्टेशनवर सोडलं, परत आले आणि अकरा वर्षांपूर्वीचा प्रसंग नव्या माहितीनिशी पुन्हा मांडून पाहिला. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांनी पोह्याच्या पापडांचा डबा आणला होता आणि डब्याखाली हक्कसोडपत्र. सगळ्या बहिणी करतात तशी सही कर, चहा होईस्तोवर, असं म्हणाले. तू म्हणालीस, आधी वाचून दाखव. ते वाचू लागले आणि ‘बंधुप्रेमापोटी स्वखुशीने’ इथे अडले. मला वाटलं, चष्मा घरी राहिला. तू चहा दिलास, पापड ठेवून घेतलेस आणि कागद परत दिलास, आणि त्यानंतर आली नाहीस. इतकी वर्षं मी मनात तुला थोडं हट्टी धरत होते, फार नाही, पण धरत होते. ती चूक होती आणि ती माझी होती. दुरुस्त केली आहे.

बाबा माफी मागतील असं लिहीत नाही. तशी तरतूद त्यांच्यात नाही, आणि खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. पण घडलं ते कळवते. त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून ते जुनं हक्कसोडपत्र काढलं आणि मला विचारलं, ‘ह्याचं काय करायचं?’ मी सांगितलं की मुद्रांक परत करायची मुदत केव्हाच संपली. त्यांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद वैशालीबाईंना देऊन टाकला, चित्रं काढायला. कागद जाड आहे, मुलांना आवडला. मागच्या बाजूला बदक आहे. काढणारीचं नाव मनस्वी, वय चार. तिच्या मते तो बैल आहे. कागद सोबत जोडला आहे, तो तुझ्याकडे असावा असं मला वाटतं.

आता विनंती. साहेबांनी सांगितलं की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांची बैठक आहे; त्याआधी जागेचा प्रश्न सुटला आणि ग्रामसभेचा ठराव आला, तर काम मंजूर होईल. ग्रामसभा नेहमीप्रमाणे सव्वीस जानेवारीला आहे. तू आणि बाबांनी मिळून ग्रामपंचायतीला बक्षीसपत्र करून दिलं, तर जागा मिळते. ही हक्कसोड नाही. हक्कसोडीत तू भावासाठी सोडतेस; यात तू गावाला देतेस, आणि देणारी म्हणून पहिलं नाव तुझं असतं. मसुदा सोबत आहे. त्यात ‘स्वखुशीने’ हा शब्द लागतो, पेणच्या वकिलांनी दोनदा बजावलं. मी तिथे जागा कोरी ठेवली आहे. तो शब्द घालायचा असेल तर तुझ्या हाताने घाल. घालायचा नसेल, तर मसुदा परत पाठवायची गरज नाही.

काकांना नमस्कार. आईने विचारलं आहे की तू अजून भाकरी मिठाच्या पाण्याने थापतेस का.

तुझी,
मृणाली

ता. क. : वरच्या आळीची जागा का, हे लिहायचं राहिलं. २००५ साली पाणी आलं तेव्हा गावात एवढी एकच सपाट जागा कोरडी होती. मी पातळ्या मोजल्या आहेत. बाकी कारण नाही.

ता. क. दुसरी : हे लिहू नये असं मी ठरवलं होतं, कारण याने माझीच बाजू कमकुवत होते. पण पाकीट बंद करता येईना. मी दुसरा नकाशाही काढून ठेवला आहे. तळ्याच्या बाजूला ग्रामपंचायतीची स्वतःची जागा आहे. ती एक मीटर दहा सेंटीमीटर खोल पडते, सगळा भराव घालावा लागेल, त्यात स्वयंपाकघराचे आणि ओटीचे पैसे जातील; पण खोली होईल, आणि पाण्यापासून वर राहील. साहेबांनी दोन्ही नकाशे पाहिले आहेत आणि दोन्ही चालतील म्हणून सांगितलं आहे. म्हणजे तू सही केली नाहीस तरी मुलांना छप्पर मिळेल. तेवीस मुलांची नावं पुढे करून तुझ्याकडून सही घ्यावी, असं मला एका क्षणी वाटलं होतं. पण चहा होईस्तोवर सही मागण्यात आणि त्यात मला फरक सापडला नाही.

ता. क. तिसरी : तेव्हा खरी विनंती वेगळी आहे आणि ती मला आधी लिहिता आली असती. रविवारी, २५ तारखेला, जेवायला ये. रोह्याहून सकाळच्या गाडीने कासूला उतर. जागेचा, सहीचा, ग्रामसभेचा विषय मी काढणार नाही आणि दुसऱ्या कोणाला काढू देणार नाही. जनूकाकांना त्या दिवशी पेणला काम काढून दिलं आहे. रोह्याची गाडी कासूला किती वाजता येते, हे बाबांनी या आठवड्यात मला दोनदा विचारलं. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, असंच. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तू येणार नसलीस तर त्यांनी स्टेशनवर जाऊन उभं राहू नये, एवढ्यासाठी मला आधी कळायला हवं.

येतेस की नाही, ते गुरुवार, २२ जानेवारीपर्यंत कळव.